रिकाम्या कॉटचे चिमटे

सकाळी साडेआठच्या आत मावशींची तीन जणांशी जुंपली होती, आणि तिन्ही वेळा मावशींचंच बरोबर होतं. बरोबर असून येणारा वैताग फार वाईट. चूक असली तर माणूस निदान गप्प तरी बसतो. बरोबर असला की दिवसभर मनातल्या मनात भांडत राहतो.

पहिले आले ते रडूबाईचे वडील. पोरगी गाडीतल्या खुर्चीत गाढ झोपलेली, मान पुढे कलंडून हनुवटी छातीला टेकलेली, आणि हे महाशय ती खुर्ची तशीच उचलून पाळणाघराच्या दारात उभे. रात्रभर झोपली नाही, आत्ता कुठे डोळा लागलाय, खुर्चीसकट एका कोपऱ्यात ठेवून द्या, असं त्यांचं म्हणणं. मावशींनी ऐकून घेतलं आणि ऐकता ऐकताच पट्टे सोडले. खुर्ची गाडीत बसायला असते, झोपायला नाही. मान अशी वाकली की एवढ्याशा जिवाची श्वासाची वाट दबते, हे त्यांनी या महिन्यात चौथ्यांदा सांगितलं. पोरगी जागी झाली आणि तिने असा सूर लावला की समोरच्या दुकानदाराने मान बाहेर काढली. वडिलांनी मावशींकडे असं बघितलं, जसं काही यांनी तिला चापट मारली.

दुसऱ्या राजेंच्या आई. राजे म्हणजे साडेचार महिन्यांचे गृहस्थ, बसवलं तर कलंडतात, पण तोरा असा की पाळणाघर त्यांच्या मालकीचं. आईंनी पिशवीतून मधोमध खळगा असलेली उशी काढली. हिच्याने डोकं गोल होतं म्हणे. कुणी सांगितलं, तर डॉक्टरांनी. कुठल्या डॉक्टरांनी, तर मोबाइलवरच्या. मावशींनी उशी घडी करून त्याच पिशवीत परत कोंबली आणि म्हणाल्या, डोकं गोल व्हायला अख्खं आयुष्य पडलंय, आधी नाक मोकळं राहू दे. आईंना ते लागलं. लागू दे.

तिसरे टकलूचे आजोबा. त्यांच्याकडे जाड रजई. मावशींनी नेहमीचं सांगितलं: कॉटमध्ये घट्ट गादी, ताणून बसवलेली चादर आणि उताणं बाळ, चौथी वस्तू नाही. थंडी वाजू नये म्हणून अंगात घालायची झोपेची पिशवी आहे, ती घालतो. आजोबा शांतपणे म्हणाले की आम्ही चार मुलं अशाच रजईत गुंडाळून वाढवली आणि चारही धडधाकट आहेत.

या वाक्याला मावशींकडे उत्तर होतं. ज्यांची मुलं त्यातून वाचली नाहीत, ती माणसं दारात उभं राहून सांगायला येत नाहीत, हे ते उत्तर. पण सकाळच्या पारी एका म्हाताऱ्या माणसाला ते कसं द्यायचं? त्यांनी रजई घेतली, खुंटीवर टांगली आणि टकलूला आत नेलं. उत्तर पोटातच राहिलं आणि दिवसभर जळजळत राहिलं.

पाळणाघर तळमजल्यावर होतं. पुढे मोठी खोली, तिथे चालती-बोलती पोरं. मागे लहान खोली, वर्षाच्या आतल्यांची. तिला सगळे झोपेची खोली म्हणायचे. दोन ओळींत नऊ कॉट, खिडकीला निळा पडदा, भिंतीवर घड्याळ आणि दाराशी एक स्टूल. चौदा वर्षं ही खोली मावशींची होती. पालक समोर त्यांना मावशी म्हणायचे आणि पाठीमागे फौजदार. हे मावशींना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

पूर्वी या खोलीत कागद असायचा. दर दहा मिनिटांनी प्रत्येक बाळाजवळ जाऊन श्वास बघायचा आणि कागदावर खूण करायची. मग एके दिवशी मावशींना दीड वाजता असा कागद सापडला, ज्यावर चार वाजेपर्यंतच्या सगळ्या खुणा करून झाल्या होत्या, एकाच पेनने, एकाच दमात. खुणा करणारी ती बाई कामावरून गेली. कागदही गेला. मावशींनी आपल्या डोक्याने नवीन पद्धत काढली: प्रत्येक कॉटच्या पायथ्याला, बाहेरच्या अंगाने, दोन आडव्या पट्ट्या. खालच्या पट्टीला कपडे वाळत घालायचे बारा लाकडी चिमटे. दर फेरीला बाळाच्या छातीवर तळवा ठेवायचा, छाती वर-खाली होते ते हाताला कळू द्यायचं, आणि मग एक चिमटा खालच्या पट्टीवरून काढून वरच्या पट्टीला लावायचा. आधी हात, मग चिमटा. कागदावर बसल्या जागी काहीही लिहिता येतं, चिमट्यापर्यंत मात्र चालत जावंच लागतं, असं मावशी अभिमानाने सांगायच्या. पाळणाघर चालवणाऱ्या बाई नवीन पालकांना खोली दाखवायला आणत, तेव्हा आधी चिमटे दाखवत. पालक फोटो काढत.

आता या खोलीत दोन महिन्यांपासून ड्रायव्हरकाका आले होते. तीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेला, दाराएवढा उंच माणूस. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा म्हणून त्यांनी मुलं सांभाळायचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, पास झाले. पोरं त्यांच्या अंगावर वेलीसारखी चढायची. सगळ्यांना कौतुक. मावशींना मात्र त्यांचं काहीच पटायचं नाही. ते फेरी मारताना गुणगुणायचे. त्यांची बोटं जाड, त्यामुळे त्यांनी लावलेला चिमटा एकही सरळ उभा राहायचा नाही, एक इकडे कललेला, एक तिकडे. मावशींचे चिमटे कसे, ताठ, प्रत्येकात दोन बोटांचं अंतर, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. शिवाय काकांचा वेळ. नऊ कॉटना त्यांना सहा मिनिटं लागायची. मावशींची फेरी दोन मिनिटांत उरकायची. आणि कहर म्हणजे, एखादं बाळ आलेलं नसलं तर काका त्या रिकाम्या कॉटमध्येही हात घालून गादीवर तळवा ठेवायचे. एकदा मावशींनी विचारलंच, तिथे काय हरवलंय तुमचं? तर म्हणे, शेवटच्या थांब्यावर गाडी लावली की मागपर्यंत जाऊन प्रत्येक सीटवर हात ठेवायची सवय आहे, रिकाम्या सीटवरसुद्धा. नुसत्या डोळ्यांवर विसंबलं की झोपलेलं माणूस गाडीत राहून जातं. मावशींनी कपाळाला हात लावला. बाळ आणि बस यातला फरक या माणसाला कोण समजावणार?

हा माणूस माझ्या खोलीत नको, असं त्यांनी बाईंना दोनदा सांगितलं होतं. बाई दोन्ही वेळा बघू म्हणाल्या होत्या.

तर त्या दिवशी. साडेबाराला बाटल्या झाल्या, ढेकरा झाल्या, बाराचाळीसला नऊच्या नऊ जण उताणे आडवे झाले. रडूबाईने सकाळच्या झोपमोडीचा सूड म्हणून वीस मिनिटं खोली डोक्यावर घेतली, तिच्यामुळे राजे उठले, राजेंमुळे आणखी दोघं. मावशींनी एकेकाला थोपटलं. फेऱ्या झाल्या, चिमटे लागले. एक वाजून दहा मिनिटांनी तिसरी फेरी संपवतात तोच दारात टकलूचे आजोबा. लस टोचायला न्यायचं होतं, सांगायला विसरलो म्हणाले. आत्ता कुठे झोपलेल्या टकलूला मावशींनी स्वतः उचललं, स्वतः आजोबांच्या हातात दिलं. आजोबांनी खुंटीवरची रजई काढून त्याला डोक्यावरून गुंडाळलं. मावशी म्हणाल्या, तोंड उघडं ठेवा. आजोबा हसून म्हणाले, चारही धडधाकट आहेत हो. आणि गेले.

मावशी परत खोलीत वळल्या तेवढ्यात ॲप्रनच्या खिशात मोबाइल थरथरला. झोपेच्या खोलीत मोबाइल आणायचा नाही, हा नियम मावशींचाच. पण लेकीचं बाळ जेमतेम दोन महिन्यांचं, म्हणून आठवडाभर त्यांनी स्वतःला सूट दिली होती. लेकीने फोटो पाठवला होता. जावई सोफ्यावर आडवे, तोंड उघडं, घोरत असणार. छातीवर नातू पालथा, तोही झोपलेला, आणि जावयांचा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्यामध्ये त्याचं तोंड अर्धं रुतलेलं. खाली लिहिलेलं, बघ किती गोड दिसताहेत दोघं.

मावशींनी दारात उभ्या उभ्या लिहिलं, आत्ताच्या आत्ता उचल त्याला. लेकीचं उत्तर लगेच आलं. उचललं आई, पण तू पण ना. मला पालथीच झोपवायचीस तू, उशी घेऊन. मी जगले ना?

मावशींनी मोबाइल खिशात टाकला आणि पुढची फेरी घेतली. मग त्यापुढची घेतली. दीड वाजला. काका आले. मावशी डबा घेऊन पुढच्या खोलीत गेल्या आणि न चावता जेवल्या.

दोन वाजता परत आल्या तेव्हा काका स्टुलावर बसलेले, सगळं ठीक आहे म्हणाले. मावशींचा त्यांच्या ठीकवर कधीच भरवसा नव्हता. त्या निळ्या अंधारात एकेक कॉट बघत निघाल्या. रडूबाई, राजे, पुढची, त्यापुढची. टकलूच्या रिकाम्या कॉटशी आल्या आणि थांबल्या.

टकलूच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. तिसरी झाली आणि त्याला नेलं. वरच्या पट्टीवर तीन चिमटे हवेत. होते पाच.

त्यांनी परत मोजले. पाच. म्हणजे टकलू गेल्यावर, कॉट रिकामी असताना, दोन वेळा कुणीतरी इथे येऊन चिमटा हलवला होता. रिकाम्या चादरीकडे न बघता. छातीवर हात ठेवायला छातीच नसताना. मावशींच्या डोक्यात राग भरला. कागद गेला, कागदवाली बाई गेली, आणि ही अशी फसवणूक त्यांच्या चिमट्यांवर येऊन बसली.

आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण त्यांना कुजबुजत करावं लागलं, कारण आठ पोरं झोपलेली. त्यांनी काकांना खुणेने बोलावलं आणि पट्टीकडे बोट दाखवलं.

"मी नाही लावले," काका म्हणाले.

मग टकलूने लावले का, असं मावशींनी विचारलं. काका म्हणाले, मी दीडला आलो तेव्हाच वर पाच होते, मला वाटलं बाळाला नुकतंच नेलं असेल. वा, छान. मावशी म्हणाल्या, मी स्वतःच्या हाताने त्याला आजोबांकडे दिला, मला ठाऊक नाही का कॉट रिकामी आहे ते? मग ज्याला ठाऊक नव्हतं तो कोण? काका पट्टीकडे बघत राहिले. चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की जणू ते स्वतःच आठवून बघताहेत. मावशींना तो कबुलीजबाब वाटला.

बाई बाहेर गेल्या होत्या, चार वाजता येणार होत्या. मावशींनी फर्मान काढलं: या कॉटला कुणी हात लावायचा नाही. पोरं उठली की बाकीचे चिमटेही तसेच ठेवायचे. बाईंना डोळ्यांनी बघू दे.

चार वाजता बाईंनी डोळ्यांनी बघितलं, म्हणजे दारातूनच. पाच आहेत का, आहेत. तीन हवे होते का, हवे होते. पुढच्या आठवड्यात तपासणीला माणसं येणार, सकाळपासून राजेंच्या आईची उशीवरून तक्रार, रडूबाईच्या वडिलांचा फोन, आणि वर हे. बाईंनी दोघांना ऑफिसात बोलावलं. त्या म्हणाल्या की मावशी चौदा वर्षं आहेत, तुम्ही दोन महिने, आणि मला कुणावर तरी विश्वास टाकावाच लागेल. काका, उद्यापासून येऊ नका.

काका मग एवढंच बोलले.

"बाई, मी आधी हात ठेवतो. हाताला बाळ लागलं नाही तर माझा दुसरा हात चिमट्याकडे जातच नाही."

बाई म्हणाल्या, विषय संपला. काकांनी मान डोलावली, थर्मास घेतला, पुढच्या खोलीतल्या दोन-चार पोरांच्या डोक्यावर हात फिरवला आणि चपला घालायला बाहेर गेले.

सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी मावशींचं ऐकलं होतं. बरं वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. त्या झोपेच्या खोलीत आल्या, पडदा सरकवला, खिडकी उघडली, आणि चिमटे खाली उतरवायला टोपली घेऊन टकलूच्या कॉटशी वाकल्या.

दुपारी अंधार होता. आता पट्टीवर लख्ख ऊन पडलं होतं. पाच चिमटे. पाचही ताठ. प्रत्येकात दोन बोटांचं अंतर.

मावशी वाकलेल्या तशाच राहिल्या. मग शेजारच्या कॉटकडे गेल्या. तिथे आठ: पाच ताठ, आणि शेवटचे तीन काकांचे, एक इकडे कललेला, दोन तिकडे. तिसऱ्या कॉटवर तेच. राजेंच्या कॉटवर तेच. सगळीकडे कललेले तीन तीन, फक्त टकलूच्या कॉटवर एकही नाही. काकांनी तिथे चिमट्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. ते पाचही मावशींचे होते.

त्यांनी आठवून बघितलं. एक वीसची फेरी. एक तीसची फेरी. काय आठवत होतं? सोफा आठवत होता. जावयांचं उघडं तोंड, रुतलेलं इवलंसं नाक. मी जगले ना, हे आठवत होतं, आणि त्यावर लेकीला मनातल्या मनात ऐकवलेलं सगळं भाषण शब्द न् शब्द आठवत होतं: तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं गं, तेव्हा आम्ही नशिबावर पोरं वाढवली, आता ठाऊक आहे तर नशिबावर कशाला सोडायचं. फार चांगलं भाषण होतं. ते करत करत त्या कॉटच्या ओळींमधून चालल्या होत्या आणि त्यांचा हात आपला चिमटे लावत होता, ताठ, दोन बोटांचं अंतर ठेवून. दोन मिनिटांत नऊ कॉट.

आणि मग खरी गोष्ट डोक्यात शिरली. टकलूची कॉट रिकामी होती, ते एक असो. बाकीच्या आठ रिकाम्या नव्हत्या. त्या दोन फेऱ्यांत आठ बाळांच्या छातीवर त्यांनी हात ठेवला होता का? एकही छाती हाताला आठवत नव्हती. वीस मिनिटं आठ पोरं त्यांच्या भरवशावर झोपली होती आणि त्या तिथे नव्हत्याच. सगळी उठली, दूध प्याली, आत्ता बाहेर खुळखुळे आपटताहेत. का उठली? उठली म्हणून उठली. मावशी कॉटचा कठडा धरून खाली बसल्या आणि त्यांना भडभडून आलं.

टोपली शेजारीच होती. पाच चिमटे काढून टाकायला किती वेळ लागतो? विषय संपला असं बाईच म्हणाल्या होत्या. मावशींचा हात पट्टीपर्यंत गेला. हाच हात, असं वाटलं आणि त्यांनी तो मागे घेतला.

ऑफिसात जाऊन त्यांनी सगळं सांगितलं, मोबाइलसकट. बाईंनी डोळे मिटून घेतले. मग चिडल्या, पण भलत्याच गोष्टीवर. कशाला उकरून काढताय, म्हणाल्या. तुमच्याकडून एकदा चुकलं, चौदा वर्षांत एकदा. काही झालं तर नाही ना? सगळी पोरं चांगली आहेत ना?

सकाळपासून पोटात जळत असलेलं उत्तर तेव्हा बाहेर आलं, आणि आवाज चढवायची गरज पडली नाही.

"बाई, हेच वाक्य सकाळी मी आजोबांकडून ऐकलं. लेकीकडूनही ऐकलं. काही झालं असतं तर हे बोलायला आपण अशा बसलो नसतो."

त्या खोलीत मग मी ठेवू कुणाला, असं बाई जवळजवळ ओरडल्या. तुमच्यावर विसंबून मी पालकांना चिमटे दाखवते. मावशी म्हणाल्या, काकांना ठेवा. मला ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण त्यांचा निर्णय आत्ता फिरवा, मी निरोप घेऊन जाते. बाईंनी हाताने जा अशी खूण केली. होकार होता की वैताग, ते मावशी विचारत बसल्या नाहीत.

काका समोरच्या बसथांब्यावर बसले होते, थर्मास मांडीवर. मावशींना रस्ता ओलांडताना बघून ते उठले नाहीत. मावशी ॲप्रनवरच आल्या होत्या. त्यांनी उभ्यानेच सांगितलं: चिमटे माझे होते, पाचही. तुमची काही चूक नाही, उद्या या.

क्षमा मागायची सवय नसलेल्या माणसाला शब्द सापडत नाहीत. मावशींना वाटलं होतं, काका समजूतदार आहेत, जाऊ द्या म्हणतील. काका जाऊ द्या म्हणाले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला.

"दुपारी दोनपासून मी विचार करतोय की मीच लावले असतील आणि विसरलो असेन," ते म्हणाले. "तीस वर्षांत कधी वाटलं नाही ते आज वाटलं. की आता आपल्या हातात कुणाचं पोर देऊ नये."

बस आली, दार उघडलं, कुणी चढत नाही बघून निघून गेली. मग काकांनी विचारलं,

"त्या दोन फेऱ्यांत बाकीच्या आठ जणांना हात लावला होतात का?"

"आठवत नाही," मावशी म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. राग होता तो तिथेच होता, पण त्याच्याशेजारी भीतीही आली होती, आणि ती दोघांची सारखी होती. ते म्हणाले, पुढची बस कधी आहे बघतो. उद्या येतो की नाही, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींची फक्त एकाशीच जुंपली. राजेंच्या आई उशी परत घेऊन आल्या होत्या. मावशींनी ती परत पिशवीत घातली, या वेळी टोमणा न मारता, पण घातली. टकलू आला नव्हता; लसीमुळे अंगात कणकण होती, असा आजोबांचा निरोप. मावशींनी मोबाइल ऑफिसातल्या कपाटात ठेवला आणि किल्ली बाईंच्या टेबलावर. बाई कोरड्याच होत्या. म्हणाल्या, तपासणी होईपर्यंत त्या खोलीत कुणीही एकटं फेरी मारायची नाही. आणि दुसरं कोण आहे, असं मावशींनी विचारायच्या आत काका थर्मास घेऊन दारात उभे राहिले. मावशींशी बोलले नाहीत. रडूबाईला मात्र घेतलं.

बाराचाळीसला आठ जण आडवे झाले. फेरी घ्यायची कशी, हे दोघांनी आधीच मोजून चार वाक्यांत ठरवलं होतं. ज्याचा हात बाळावर, त्याने चिमट्याला शिवायचं नाही. हात मावशींचा, चिमटा काकांचा.

एकला दहा मिनिटं कमी असताना मावशींनी रडूबाईच्या छातीवर तळवा ठेवला. पिशवीच्या कापडातून आधी ऊब लागली, मग ती इवलीशी छाती वर आली, खाली गेली, परत वर आली. मावशींनी घाई केली नाही. आहे, म्हणाल्या. काकांनी चिमटा वर लावला, कलंडलेला. मग राजे. आहे. मग पुढची. आहे. सहा कॉट होईपर्यंत चार मिनिटं गेली आणि मावशींच्या लक्षात आलं की काकांना वेळ का लागतो.

टकलूची कॉट आली. मावशी ती ओलांडून पुढे निघाल्या. दोन पावलं गेल्यावर कळलं की काका मागेच उभे आहेत, रिकाम्या कॉटशी, चिमट्यांवर हात न ठेवता, वाट बघत.

"इथेही," काका म्हणाले. त्या चार वाक्यांनंतरचा त्यांचा हा पहिला शब्द.

मावशी परत आल्या. वाकल्या आणि ताणलेल्या चादरीवर तळवा टेकवला. चादर गार होती. सगळीकडे बाळाची ऊब लागलेला हात तिथे असा टेकला की त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी हात लगेच उचलला नाही. एका श्वासाला जेवढा वेळ लागतो, तेवढा तिथेच ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. बारा चिमटे खालच्या पट्टीवर होते तसेच राहिले, आणि दोघं पुढच्या कॉटकडे गेले.